शहर वेशीवर आलंय, आराखडा अजून यायचाय: गावाची टेकडी, ओढा आणि गायरान कसं राखायचं?

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका गावातून, ग्रामपंचायतीच्या सदस्याकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमचं गाव महापालिकेच्या हद्दीला लागून आहे. एक टेकडी, तिच्यावरून उतरणारा ओढा, थोडं गायरान आणि खाली भातखाचरं आहेत. रस्त्याकडेला प्लॉटिंग सुरू झालंय. आज ना उद्या हद्दवाढ होणार, विकास आराखडा येणार. एक कंपनी टेकडीवर झाडं लावायला पैसे देते म्हणते. गावातले काही जण म्हणतात, गायरानात मोठं उद्यान करू. हिरव्या जागा टिकवायच्या तर सुरुवात कुठून करावी?"

सुरुवात ओढ्यापासून करा. टेकडी आणि गायरान यांना कायद्याचं थोडंफार तरी कवच आहे. ओढ्याला ते नावापुरतंच आहे, आणि शहर जवळ आलं की सगळ्यात आधी तोच जातो. ओढा गेला की टेकडीवरचं पाणी कुठे जायचं याचा मेळ बसत नाही, खाचरं एकतर बुडतात किंवा कोरडी पडतात, आणि मग ती विकण्यावाचून शेतकऱ्यापुढे मार्ग राहत नाही. उद्यानाचा विचार सगळ्यात शेवटी करू.

शहराच्या कडेला नियोजनाचं काम करताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. तिथली हिरवी जागा टिकते ती तिचं रोजचं काम चालू असलं तरच. ओढा पाणी वाहून नेतो, टेकडी पाणी मुरवते, गायरानावर गुरं-मेंढरं चरतात, खाचरात भात पिकतो. हे काम थांबलं की जागा रिकामी दिसायला लागते, आणि आराखड्यात रिकाम्या जागेला गिऱ्हाईक लगेच मिळतं. म्हणून खाली जे सांगतोय ते सगळं दोनच गोष्टींभोवती आहे: जागेचं काम चालू ठेवणं, आणि ते काम सरकारी कागदावर दिसेल असं करणं.

आता ओढा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा जुना नकाशा काढा. त्यावर ओढे दाखवलेले असतात, पण मोठेच. टेकडीवरून उतरणाऱ्या लहान ओघळी बहुतेक वेळा एखाद्या गटाच्या पोटात दडलेल्या असतात. त्यांचा माग सातबाऱ्यावरच्या पोटखराब्यात लागतो. पोटखराबा 'अ' म्हणजे खडक, दगडधोंड्यांमुळे लागवडीला न येणारी जमीन. 'ब' म्हणजे रस्ता, पाण्याचा प्रवाह, स्मशानभूमी अशा सार्वजनिक उपयोगाकडे गेलेली. एखाद्या गटाला 'ब' खाली पाच-सात गुंठे दिसत असतील तर तिथे पूर्वीच्या मोजणीदाराने बहुधा पाण्याची किंवा वहिवाटीची वाट पाहिलेली आहे. या नोंदी गटवार उतरवून घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा आणि इंटरनेटवरची जुनी उपग्रह चित्रं शेजारी ठेवली की बरंचसं चित्र जुळतं. ओढा आराखड्यातून गायब होतो तो बहुतेक वेळा कुणी मुद्दाम पुसला म्हणून नव्हे. आराखडा करणाऱ्यांच्या विद्यमान जमीन वापराच्या नकाशावर तो आलेलाच नसतो. जे त्या नकाशावर नाही, त्यावर पुढे रस्ता पडतो.

नकाशा हातात घेऊन ओढा दोनदा चाला. एकदा मे महिन्यात, पात्र कोरडं असताना, आणि एकदा जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी. पावसानंतर काठच्या करंजाच्या आणि निर्गुडीच्या फांद्यांत काडीकचरा, प्लास्टिक, भाताचा पेंढा अडकलेला दिसतो. तो जिथवर अडकलाय तिथवर पाणी आलं होतं. त्या उंचीवर रंगाची खूण करा, फोटो काढा, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपून घ्या. सोबत गावातली एक-दोन म्हातारी माणसं हवीतच, शक्य तर ज्यांनी त्या बाजूला गुरं राखली अशी. झरा कुठे होता, मार्गशीर्षापर्यंत पाणी कुठे टिकायचं, कुठल्या साली कुठल्या खाचरात पाणी घुसलं, हे त्यांना बांधासकट आठवतं. नदीसाठी पाटबंधारे खातं निळी आणि लाल रेषा आखतं: निळी म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या ओढ्याला अशी रेषा कुणी आखून दिलेली नसणार. त्या काडीकचऱ्याच्या खुणा हीच तुमची पूररेषा, आणि आराखड्यावरच्या हरकतींच्या सुनावणीत ती उपयोगी पडते.

एका गावात प्लॉटिंगवाल्याने आत जायला रस्ता हवा म्हणून ओढ्यात नऊशे मिलिमीटर व्यासाचे दोन सिमेंटचे पाइप टाकले, वर मुरूम पसरला आणि रोलर फिरवला. बघायला काम नीटनेटकं. पण ओढा तिथे सहा मीटर रुंद आणि दीड मीटर खोल होता, म्हणजे पुराला जायला नऊ चौरस मीटरची वाट. दोन पाइपांची मिळून वाट होते जेमतेम सव्वा चौरस मीटर. पहिल्याच मोठ्या पावसात पाइपांच्या तोंडाशी झुडपं आणि गोणपाट अडकले, पाणी रस्त्यावर चढलं आणि शेजारच्या खाचराचा बांध घेऊन गेलं. खाचरातली माती खाली ओढ्यात, ओढ्यातला मुरूम खाचरात. हे गणित शाळेतला मुलगा करू शकतो, आणि ग्रामसभेत ते फळ्यावर मांडलं की लोकांना लगेच पटतं. ओढ्यावर वाट हवी असेल तर पाणी जाण्याची जागा मूळ पात्राइतकी तरी ठेवून साकव किंवा चौकोनी मोरी करा, असा ठराव आधीच असलेला बरा.

ही भीती हवेतली नाही. २०१३ च्या जूनमध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ डोंगर फोडल्यामुळे पाण्याचा लोंढा थेट महामार्गावर आला आणि त्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा शहरात फुटला. त्या पावसात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. दोन्हीकडे पाणी उतरलं ते शहराच्या कडेच्या डोंगरावरून. शहराच्या आतला माणूस ज्या पुरात अडकतो, त्याची आखणी कडेच्या गावात होत असते. म्हणून तुमच्या ओढ्याचा प्रश्न एका गावापुरता नाही, हे सुनावणीत जरूर सांगा.

आणखी एक गोष्ट जपा. हद्दवाढ झाली की मलवाहिन्या येतात, आणि उतार आयता मिळतो म्हणून त्या ओढ्याच्या पात्रातूनच टाकण्याचा मोह असतो. मग पात्रात चेंबर उभे राहतात, पावसात ते तुंबतात आणि वर्षभर ओढ्यात मैलापाणी वाहतं. एकदा ओढ्याला वास यायला लागला की तो बंदिस्त करा अशी मागणी लोकच करतात, आणि तिथे तो संपतो. वाहिनी काठापलीकडच्या रस्त्याखालून जावी ही मागणी आराखड्याच्या वेळीच लेखी द्या. काम निघाल्यावर मागितली तर कुणी ऐकत नाही.

आता टेकडीकडे वळू. पहिला प्रश्न: ती कुणाची? वनखात्याच्या जमिनींची नोंद तलाठ्याकडच्या गाव नमुना १-अ मध्ये मिळेल. तिथे टेकडी असेल तर निम्मी काळजी मिटली. खासगी असेल तर पुण्याचा अनुभव नीट समजून घ्या.

१९९७ साली पुण्याच्या हद्दीत आलेल्या गावांपैकी २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवरची ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी, म्हणजे सगळे ज्याला बीडीपी म्हणतात त्यासाठी, आरक्षित करण्याचं ठरलं. कल्पना उत्तम होती, आणि ती टिकवण्यासाठी पुण्याच्या नागरिकांनी वर्षानुवर्षं लढा दिला. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण शासनाचा निर्णय यायला २०१५ साल उजाडलं, आणि मोबदला ठरला ८ टक्के टीडीआर, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. टेकडीवर ज्याची चार एकर आहे त्या शेतकऱ्याला याचा अर्थ असा, की जमीन विकता येत नाही, पिकवण्यासारखी नाही आणि मिळणारा मोबदला हातात धरण्याजोगा नाही. अशा वेळी गुंठा-गुंठा करून नोटरीवर विकणारा दलाल त्याला जवळचा वाटतो. आरक्षणाचा हिरवा रंग नकाशावर तसाच राहिला आणि कित्येक ठिकाणी उतारावर पत्र्याची घरं चढली. यात मी शेतकऱ्याला दोष देत नाही. सगळ्या शहराला हवा-पाणी हवं आणि किंमत त्या एकाने मोजायची, हा हिशेबच टिकणारा नाही.

कायद्यातली दुसरी अडचणही याच जातीची आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे 'जागा विकत घ्या' अशी नोटीस, देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे पैशाची तरतूद नसलेलं उद्यानाचं आरक्षण ही काही वर्षांपुरती स्थगिती असते. तुमच्या गावातल्या उत्साही मंडळींना हे आधी सांगा.

मग खासगी टेकडीचं काय करायचं? राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटरहून जास्त चढ असेल तिथे, बांधकामाला मनाई आहे. ही तुमची सगळ्यात भक्कम ढाल. पण ती मोडायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते: आधी मुरूम काढायचा, उतार सपाट करायचा, आणि मग मोजणी मागवायची. म्हणून आजच टेकडीचा समोच्च रेषांचा नकाशा ड्रोनने करून घ्या, त्यावर तारीख असू द्या, आणि त्याची एक प्रत ठरावासोबत तहसीलदाराकडे आणि प्रादेशिक प्राधिकरणाकडे पोच घेऊन द्या. कंपनी जो पैसा देऊ पाहते आहे त्यातला पहिला हिस्सा मी या नकाशावर खर्च करीन. पायथ्याला डंपर चढू नयेत म्हणून फलक लावून उपयोग होत नाही, रस्त्याच्या कडेने खोल चर खणावा लागतो. राडारोडा टाकणारे रात्री येतात आणि फलक वाचत नाहीत.

आता झाडांबद्दल, कारण इथे फार पैसा आणि फार चांगुलपणा वाया जातो. तुमची टेकडी मे महिन्यात उघडी-बोडकी दिसते म्हणून ती ओसाड आहे असं समजू नका. आश्विनात वर जाऊन पाहा. कमरेपर्यंत गवत असतं, कुसळं धोतराला-सलवारीला चिकटतात, मधूनच पवन्या आणि मारवेल दिसतं, टिटवी डोक्यावर ओरडत फिरते, चंडोल उठतो. पातळ मातीच्या, मुरमाच्या टेकडीचं ते मूळ रूप आहे. तिथे अधूनमधून सालई, मोई, गणेर, पांगारा, पळस अशी पानगळीची झाडं असायची. पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी भराभर वाढतं म्हणून गिरिपुष्प लावलं गेलं. हिरवं झालं, पण त्याच्या दाटीखाली गवत राहिलं नाही, आणि गवत गेलं तसे गवतात घरटी करणारे पक्षीही गेले. मुरमात जेसीबीने खड्डे घेऊन दर चौरस मीटरला तीन-तीन रोपं कोंबायची मियावाकी पद्धत तर तिथे मुळीच करू नका. पाण्याचा टँकर थांबला की ती थांबते.

झाड लावायचंच तर ओघळींच्या कडेने आणि पायथ्याच्या खोल मातीत लावा: करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, ओढ्याच्या अगदी काठाला वाळुंज. वर उतारावर बी पेरा आणि वणवा आवरा. टेकडीवर जंगल वाढू देत नाही तो वणवा. दसऱ्यानंतर गवत वाळायच्या आत जाळपट्टे, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेले मोकळे पट्टे, घ्या, आणि जानेवारीपासून मेपर्यंत राखणदार ठेवा. त्याचा पगार हेच खरं वनीकरण. कंपनीला सांगा, रोपांची संख्या आणि फलकावरचं नाव हवं असेल तर हवं तेवढं देऊ, पण पैसे तीन वर्षांच्या राखणदाराच्या पगाराला, जाळपट्ट्यांना आणि रोपवाटिकेला द्या. काही कंपन्या याला तयार होतात. ज्या होत नाहीत त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

गायरानाच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे, निदान आज तरी. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढून त्या गावाला परत द्याव्यात असं सांगितलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२-अ प्रमाणे गायरान दुसऱ्या कामाकडे वळवायला मर्यादा आहेत. सार्वजनिक प्रकल्पासाठी, आणि दुसरी योग्य सरकारी जमीन मिळत नसेल, तरच ते होतं. खरी अडचण हद्दवाढीनंतर सुरू होते. ग्रामपंचायत बरखास्त होते, गुरं कमी झालेली असतात, आणि कागदावर चराईसाठी असलेली जमीन कुणी चारतच नाही असं दिसलं की कचरा प्रकल्प, बस डेपो, पाण्याची टाकी, सरकारी घरकुलं या सगळ्यांची नजर तिच्यावर जाते. ही कामं वाईट नाहीत, त्यांना जागा लागतेच. पण सगळ्यांना एकच जमीन स्वस्त पडते, हा घोळ आहे.

गायरानावर चराई खरोखर चालू ठेवा. हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून गवत वाढवलं, हे खरं. पण तिथे गावाने सगळं मिळून ठरवलं होतं आणि कापून नेण्याची सोय होती. शहराच्या कडेच्या गावात सरसकट चराईबंदी केली तर पहिला मार बसतो तो दोन शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन बाईला आणि दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्याला. त्यापेक्षा गायरानाचे तीन भाग करा. एक भाग पूर्ण राखीव, एक कापणीचा, एक चराईचा, आणि दरवर्षी पाळी बदला. कापणीच्या भागाचा गवताचा लिलाव करा. रक्कम थोडी असली तरी तिची पावती फार मोलाची आहे: ही जमीन वापरात आहे याचा तो पुरावा. धनगरांचा मुक्काम कुठे असतो, वाट कुठून जाते, कुठल्या शेतात मेंढरं बसवतात, हेही तुमच्या नकाशावर आणा. आजवर मी पाहिलेल्या बहुतेक आराखड्यांत ती वाट नसते, आणि एखाद्या सोसायटीच्या भिंतीने ती अडली की कुणाच्या लक्षातही येत नाही.

समतल चर, दगडी बांध, रोपवाटिका अशी रोजगार हमीतून होण्यासारखी कामं हद्दवाढीच्या आधी संपवून घ्या. गाव शहरात गेलं की ती योजना हातातून जाते. एक बाजू मात्र सुधारते: झाडांचं संरक्षण करणारा १९७५ चा नागरी क्षेत्रांचा कायदा लागू होतो. म्हणून बांधावरच्या जुन्या वड-पिंपळ-आंब्यांची मोजणी करून ठेवा. त्या कायद्यात ५० वर्षांहून जुन्या झाडांना आता वेगळं संरक्षण आहे, पण वय सांगायला कुणीतरी हवं ना!

ग्रामसभेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमलेली असते. बहुतेक गावांत ती फक्त फायलीत असते. तिला जागं करा. लोक जैवविविधता नोंदवही नीट भरलेली असेल तर झरा, देवराई, गवताळ भाग, पक्ष्यांची वीण या सगळ्याला सरकारी दप्तरात एक पत्ता मिळतो. गावात देवराई असेल, अगदी पाच-दहा गुंठ्यांची का असेना, तर तिची हद्द मोजून घ्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर काम केलं तेव्हापासून त्यांचं मोल विज्ञानाला ठाऊक आहे. तलाठ्याच्या नकाशावर मात्र कित्येक देवराया अजून नाहीत.

राहिली खासगी शेतजमीन. हीच सगळ्यात अवघड, आणि क्षेत्राने सगळ्यात मोठी. शेती विभाग किंवा ना-विकास विभाग म्हणून हिरवा रंग देऊन ती टिकेल अशी आशा ठेवू नका. जगभर हे करून पाहिलंय. सेऊलने १९७१ पासून शहराभोवती कडक हरित पट्टा आखला; पट्टा बराचसा टिकला, पण शहराने त्यावरून उडी मारली आणि पलीकडे बुंदांग, इल्सान अशी नवी शहरं उभी राहिली. याउलट कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ भाग आजही आहे, तो २००२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि तो टिकायचं मोठं कारण म्हणजे तिथे शहराच्या सांडपाण्यावर मासे, भाजी आणि भात पिकतो. हजारो कुटुंबांचं पोट त्यावर आहे. त्याच्यावरही आक्रमणं होतातच, पण लढायला माणसं आहेत.

तुमच्याकडे असं काय होऊ शकतं? मुळशी-मावळ पट्ट्यातला इंद्रायणी आणि आंबेमोहोर पुण्याच्या दारात विकता येतो. खाचर हे पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारं तळंच असतं. ओढ्यालगतच्या शेतकऱ्यांचा गट करून शहरातल्या सोसायट्यांशी थेट विक्री बांधली तर काही जण विकायची घाई करत नाहीत. सगळे थांबतील असं मी म्हणणार नाही. जमिनीचा भाव आणि तांदळाचा भाव यांची बरोबरी होत नाही, आणि मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी जो विकतो त्याला अडवायचा अधिकार आपल्याला नाही. त्यामुळे विकणारच असेल तर ती जमीन कशी विकली जाते यावर लक्ष द्यायला हवं.

इथे एक साधं गणित कामाला येतं. ०.४ हेक्टरहून मोठा लेआउट केला की १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एक हेक्टरच्या लेआउटला ती होते सुमारे दहा गुंठे. सध्या प्रत्येक बिल्डर ती आपल्या सोयीच्या, बहुतेक वेळा वेड्यावाकड्या कोपऱ्यात सोडतो, आणि असे दहा लेआउट झाले की गावाला दहा निरुपयोगी तुकडे मिळतात. तेच दहा लेआउट ओढ्याकाठी असतील आणि प्रत्येकाने मोकळी जागा ओढ्याच्या बाजूला सोडली, तर २० मीटर रुंदीचा ५०० मीटर लांब सलग पट्टा तयार होतो. कुणाची इंचभर जमीन जास्त गेली नाही, सरकारचा रुपया लागला नाही. यासाठी मंजुरी देणाऱ्या नगररचना कार्यालयापुढे सलग पट्ट्याचा नकाशा आधीच असायला हवा, आणि ओढ्याचं पात्र त्या १० टक्क्यांत मोजायला हरकत घ्यायला हवी. पट्टा पात्राबाहेरचा पाहिजे. रुंदी किती? माझा अंदाज असा, की टेकडीवरच्या ओघळीला दोन्ही काठांना नऊ-नऊ मीटर आणि गावच्या मुख्य ओढ्याला पंधरा ते वीस मीटर मिळाले तर पाणी, झाडं, पाऊलवाट सगळं मावतं.

याहून न्याय्य मार्ग नगर रचना योजनेचा आहे. पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हाळुंगे-माण भागात सुमारे २५० हेक्टरवर ती हाती घेतली. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, आणि प्रत्येकाला साधारण निम्मी जमीन विकसित भूखंड म्हणून परत द्यायची. ओढ्याचा पट्टा ज्याच्या गटात येतो त्याचं एकट्याचं नुकसान होत नाही, भार सगळ्यांवर सारखा पडतो. बीडीपीत जो हिशेब चुकला तो इथे बसतो. योजना रेंगाळतात, भूखंड कुठे मिळणार यावर भांडणं होतात, हे सगळं खरं आहे. तरीही गावाने एकत्र बसून "आम्हाला आरक्षणं नकोत, ओढा आणि टेकडीचा पायथा मोकळा ठेवणारी नगर रचना योजना द्या" अशी मागणी केली तर ती ऐकली जाण्याची शक्यता बरीच आहे. पुण्यातल्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशे एकर एकत्र ठेवून विकास केला, तेव्हा जमिनीसोबत त्यांचा हक्कही टिकला. ते बडं शहर झालं, तुमच्या गावाला ते नको असेल, पण एकत्र राहण्याचा धडा घेण्याजोगा आहे.

उद्यानाबद्दल एवढंच सांगतो. मुलांना खेळायला, म्हाताऱ्यांना बसायला जागा लागते, ती गावठाणाजवळ दोन-तीन ठिकाणी लहान-लहान असू द्या. गायरानात कारंजी आणि हिरवळ करू नका. हिरवळीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, आणि त्याच दिवसांत गावात टँकर येत असतो.

शेवटी कागद. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा आधी येईल तिच्यात ओढ्याचा नकाशा, टेकडीचा समोच्च नकाशा, गायरानाची पाळी आणि धनगरांची वाट, सगळं गट नंबरांसह ठरावाला जोडून मंजूर करा. हद्दवाढीनंतर हा ठराव महापालिकेवर बंधनकारक नसतो. पण आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवतात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते, आणि तिथे "आमचं गाव हिरवं ठेवा" या अर्जाला कुणी काही विचारत नाही. "गट नंबर अमुकच्या पश्चिमेकडून जाणारा १२ मीटर रस्ता ओढ्याच्या पात्रात आहे, पुराची खूण या फोटोत आहे, रस्ता वीस मीटर पूर्वेला सरकवावा" असा अर्ज केला तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. गोव्यात प्रादेशिक आराखडा २०२१ तयार होताना गावोगावच्या लोकांनी शेत, खाजण (खाडीकाठची बांध घातलेली जमीन), डोंगर दाखवून नकाशे तपासले, त्याचं वजन पुढच्या प्रत्येक वादात दिसलं. प्रत्येक मुद्द्याला वेगळा अर्ज करा, शक्यतो त्या गटाच्या मालकाची सही घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. सुनावणीला तीन माणसं जा: ज्याची जमीन आहे तो, ज्याने नकाशा केला तो, आणि त्या ओढ्याकाठी गुरं राखलेलं ते म्हातारं माणूस.